प्रकल्पारंभी आत्मपरीक्षण : फार्मसीचालक वैद्यासाठी व्यवस्थापनाची अंगे

प्रत्येक वैद्याच्या व्यावसायिक आयुष्यात असा एक दिवस येतो की, त्या दिवसापासून केवळ रुग्ण तपासून व औषध देऊन भागत नाही. दवाखान्यास जोडून पंचकर्माच्या दोन खोल्या काढावयाच्या असतात, फार्मसीत नवा विभाग सुरू करावयाचा असतो, अथवा औषधी वनस्पतींची लागवड हाती घ्यावयाची असते. अशा कामास आरंभ असतो, अंत असतो, ठरावीक पैसा असतो, आणि ते नित्याच्या कामाप्रमाणे पुनःपुन्हा होणारे नसते. यालाच आजच्या परिभाषेत प्रकल्प म्हणतात.

आमच्या वेळच्या बी.ए.एम.एस. अभ्यासक्रमात रसशास्त्र व भैषज्यकल्पना होती. औषध कसे बनवावे हे आम्ही शिकलो. परंतु औषध बनविण्याची जागा कशी उभी करावी, हे कोणी शिकविले नाही. त्यामुळे पदवीधर वैद्य असे काम काढतो तेव्हा तो बहुधा अनुभवी गवंड्याच्या, ओळखीच्या सल्लागाराच्या आणि स्वतःच्या उत्साहाच्या भरवशावर काढतो. पुढे काम रेंगाळते, पैसा संपतो, आणि भागीदारांत मन दुखावते. प्रस्तुत लेखकही या अनुभवातून गेलेला आहे. तो अनुभव प्रथम सांगून, नंतर प्रकल्प व्यवस्थापनास लागणाऱ्या क्षमतांचा विचार येथे करावयाचा आहे. या क्षमतांची मूलतत्त्वे आपल्या संहितांत आहेत. आपण ती रुग्णासाठी वापरतो आणि स्वतःच्या कामासाठी विसरतो, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

एक अनुभव

आम्ही चौघे वर्गमित्र. चौघांची मिळून एक छोटी फार्मसी आहे. चूर्ण व वटी यांचा परवाना होता. आसव-अरिष्टे बाहेरून घ्यावी लागत, म्हणून तो विभाग स्वतःच सुरू करावा असे २०१३ सालच्या दसऱ्यास ठरले. शेजारची मोकळी खोली भाड्याने घ्यावयाची, तीत टाक्या बसवावयाच्या, परवान्यात नव्या विभागाची भर घालून घ्यावयाची आणि पुढील गुढीपाडव्यास पहिले संधान लावावयाचे, असा बेत होता. अंदाज सहा लाखांचा होता. त्यातील दीड लाख एका मित्राने स्वतःच्या बचतीतून आणले. ती रक्कम त्याच्या मुलीच्या जून महिन्यातील प्रवेशासाठी राखलेली होती. तोवर बँकेचे कर्ज मंजूर होईल आणि रक्कम मोकळी होईल, असे आम्ही त्यास सांगितले होते.

व्यवस्थापनाची जबाबदारी मजकडे होती. मी प्रथम काय केले, तर सवलतीत मिळतात म्हणून टाक्या विकत घेतल्या. नकाशा तोवर तयार नव्हता. टाक्या आल्या तेव्हा खोलीचे दार त्यांच्या रुंदीहून चार इंच अरुंद निघाले. दार फोडावे, तर जागामालकाची संमती हवी. ती मिळविण्यात तीन आठवडे गेले. तदनंतर वीजभार वाढवून घेण्याचा अर्ज केला, तेव्हा कळले की जागेच्या कागदपत्रांत मूळ मालकाच्या वडिलांचेच नाव आहे. इकडे गवंड्यास जादा मजुरी देऊन मी काम लवकर उरकून घेत होतो आणि आपण वेळेत आहोत असे स्वतःस समजावीत होतो.

डिसेंबर अखेरीस माझ्या लक्षात आले की, पाडव्यास संधान लागणे शक्य नाही. हे मी कोणास सांगितले नाही. पुढच्या पंधरवड्यात काहीतरी मार्ग निघेल, मग सांगू, असे म्हणत दोन महिने काढले. मी गप्प राहिलो, म्हणून ठरल्याप्रमाणे खरेदी होत राहिली. धायटीची फुले आली, मनुका आल्या, गुळाच्या ढेपा आल्या. परवाना नव्हता, म्हणून त्यांचा वापर करता येईना. पावसाळा सुरू झाला तेव्हा गूळ पाघळला आणि मनुकांना अळी लागली. खर्च नऊ लाखांवर गेला. तारण व परवाना यांची पूर्तता न झाल्याने बँकेचे कर्जही मंजूर झाले नाही. अकरा महिन्यांचा भाडेकरार संपला तेव्हा मालकाने भाडे वाढविले, आणि आम्ही काम थांबविले.

त्या मित्राने मुलीच्या प्रवेशासाठी व्याजाने पैसे काढले. फेब्रुवारी अखेरीस मी खरी स्थिती सांगितली तेव्हा त्याने एकच विचारले होते, “तुला हे केव्हा कळले?” मी म्हणालो, “डिसेंबरात.” तो म्हणाला, “तेव्हा सांगितले असतेस, तर मी पैसे काढून घेतले असते रे. मालाची खरेदीही थांबली असती.” यावर मजजवळ उत्तर नव्हते. वर्षअखेर तो भागीदारीतून बाहेर पडला.

वाचकांनी लक्षात घ्यावे की, या सर्व प्रकारात औषधनिर्माणाचे आमचे ज्ञान कोठेही कमी पडले नव्हते. द्राक्षासवाचा पाठ आम्हास मुखोद्गत होता. कमी पडले ते निराळेच.

क्षमता म्हणजे काय?

प्रकल्प व्यवस्थापन हे आता स्वतंत्र शास्त्र झाले आहे. हेन्री गँट याच्या नावाने ओळखले जाणारे, कामे व दिवस यांचे आडव्या पट्ट्यांचे कोष्टक विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून प्रचारात आले. १९५७-५८ च्या सुमारास अमेरिकेत क्रिटिकल पाथ व पर्ट या पद्धती विकसित झाल्या. १९६९ मध्ये तेथेच प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन झाली. या संस्थेने २०१५ मध्ये व्यवस्थापकाच्या क्षमतांचा त्रिकोण मांडला. त्याच्या तीन बाजू अशा : कामाच्या पद्धतीचे तंत्र, माणसांचे नेतृत्व, आणि व्यवसायाच्या हिताची जाण. २०२२ मध्ये त्यांची नावे बदलली, आशय बव्हंशी तोच राहिला. केवळ तंत्र येणारा मनुष्य प्रकल्प तडीस नेऊ शकत नाही, हे त्यातील सार होय.

आता चरकसंहितेतील चतुष्पाद आठवावे. भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी हे चिकित्सेचे चार पाद आणि प्रत्येकाचे चार गुण सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात सांगितले आहेत. वैद्याच्या ठायी शास्त्राचे निर्मळ ज्ञान, पुष्कळ प्रत्यक्ष कर्म पाहिल्याचा अनुभव, दाक्ष्य आणि शौच असावे. यातील शास्त्रज्ञान हा एकच गुण परीक्षेत तपासला जातो. उरलेले तीन व्यवसायात तपासले जातात. प्रकल्पात व्यवस्थापक हा भिषक्, पैसा, यंत्रे व कच्चा माल हे द्रव्य, कारागीर, कर्मचारी व पुरवठादार हे उपस्थाता, असे सहज जुळविता येते.

मग रोगी कोण? विचाराअंती असे दिसते की, काम काढणारे मालक म्हणजे आपणच रोगी होत. रोग्याचे गुण स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व व ज्ञापकत्व हे आहेत. काय ठरले ते स्मरणात ठेवणे, ठरविल्याप्रमाणे वागणे, अप्रिय स्थितीस न भिणे, आणि आपली खरी अवस्था न लपविता सांगणे, हे गुण मालकाच्या ठायी नसतील तर निष्णात व्यवस्थापकही हतबल होतो. मोठ्या कंपनीत व्यवस्थापक वेगळा आणि मालक वेगळा असतो. आपल्या लहान फार्मसीत एकच मनुष्य वैद्यही असतो आणि रुग्णही. आपली खरी अडचण येथे आहे. जो वैद्य रुग्णास लक्षणे लपविल्याबद्दल रागावतो, तोच स्वतःच्या प्रकल्पाची लक्षणे भागीदारांपासून लपवितो.

आरंभापूर्वीचे दहा परीक्ष्य विषय

विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात, कोणतेही कार्य सिद्धीस नेऊ इच्छिणाऱ्याने आरंभापूर्वी जाणून घ्यावयाचे दहा विषय आचार्यांनी सांगितले आहेत. ते चिकित्सेस लावून दाखविले असले तरी मांडणी कार्यमात्रास उद्देशून आहे. आमच्या फार्मसीचे उदाहरण घेऊन त्यांचा विचार करू.

१) कारण, म्हणजे कर्ता. चिकित्सेत हा वैद्य होय. हे कार्य तडीस नेण्यास मी समर्थ आहे की नाही, असे वैद्याने सर्वप्रथम स्वतःस तपासावे, असा तेथे स्पष्ट आदेश आहे. प्रकल्पात कर्ता एकच असावा आणि त्याचे नाव लिहिलेले असावे. ‘आम्ही सगळे पाहू’ याचा अर्थ कोणीच पाहणार नाही असा होतो. त्या कर्त्याकडे रोज किती वेळ आहे हेही पाहावे. सकाळ-संध्याकाळ ओ.पी.डी. असलेल्या मजकडे तो वेळ नव्हता.

२) करण, म्हणजे साधन. पैसा, यंत्रे, मनुष्यबळ व कागदपत्रे. यातील कोणते हाती आहे आणि कोणते येणार आहे, यांची दोन वेगळी रकान्यांत नोंद करावी. येणारे कर्ज हे हाती असलेले साधन नव्हे.

३) कार्ययोनि. चिकित्सेत धातुवैषम्य ही कार्ययोनि. तिचेच रूपांतर साम्यात करावयाचे असते. प्रकल्पात आजची स्थिती ही कार्ययोनि होय. जागा मोजावी, दार मोजावे, कागद वाचावेत.

४) कार्य. नेमके काय झाले म्हणजे काम झाले? ‘आसव विभाग सुरू करणे’ हे मोघम आहे. ‘शेड्यूल टी प्रमाणे विभाग सज्ज करून परवान्यात भर घालण्याचा परिपूर्ण अर्ज दाखल करणे’ हे कार्य नेमके आहे.

५) कार्यफल. हे कशासाठी? रुग्णांस खात्रीचे औषध मिळावे म्हणून, की नफ्यासाठी, की प्रतिष्ठेसाठी? भागीदारांची उत्तरे भिन्न असली तरी चालेल, परंतु ती परस्परांस ठाऊक असावीत.

६) अनुबंध. कार्यानंतर कर्त्यास चिकटून राहणारे शुभाशुभ. भाडे, हप्ते, वेतन, परीक्षणाचा खर्च, दरवर्षीची कागदपत्रे हे सर्व अनुबंध आहेत. अकरा महिन्यांच्या करारावर दहा वर्षांचा विभाग उभारणे, हा अनुबंध न पाहिल्याचा दोष होय.

७) देश. भूमी व आतुर असे देशाचे दोन अर्थ आहेत. जागेत पाणी, निचरा, वीज, मालाच्या गाडीस वाट आहे काय, हे भूमीचे परीक्षण. शेड्यूल टी मध्ये अनेक प्रकारची औषधे एकत्र बनविणाऱ्या फार्मसीसाठी स्वतंत्र विभाजनांसह एकूण १२०० चौरस फूट आच्छादित जागा अपेक्षिली आहे. चूर्ण विभागास २०० व आसव-अरिष्ट विभागास २०० चौरस फूट धरले आहेत. हे आकडे खोली भाड्याने घेण्यापूर्वी पाहावयाचे असतात.

८) काल. संवत्सररूप काळ आणि अवस्थारूप काळ. धायटीचा बहर शिशिर-वसंतात असतो, नवा गूळ उसाच्या हंगामात मिळतो, पावसाळ्यात साठवण बिघडते. हा ऋतुकाल. परवाना कोणत्या टप्प्यावर आहे, हा अवस्थाकाल. खरेदी केवळ ऋतू पाहून केली आणि अवस्था पाहिली नाही, तर आमच्या गुळासारखी गत होते.

९) प्रवृत्ति, म्हणजे प्रत्यक्ष आरंभ. चारही पाद एकत्र कार्यास लागणे हे तिचे लक्षण सांगितले आहे. एकट्या टाक्या आल्या म्हणजे प्रवृत्ती झाली असे नव्हे.

१०) उपाय. वरील सर्वांचे सौष्ठव आणि त्यांची यथायोग्य मांडणी. आजचे शास्त्र ज्यास योजना म्हणते ती ही होय. ती दहावी आहे, पहिली नव्हे. आधीचे नऊ प्रश्न सोडवून मग योजना लिहावी, हा क्रम महत्त्वाचा आहे.

पाच क्षमता

या दहा प्रश्नांची उत्तरे मिळाली तरी काम चालविण्याची कसोटी पुढे असते. अनुभवांती पुढील पाच क्षमता अत्यावश्यक वाटतात.

(अ) काळाची साखळी ओळखणे. सर्व कामे सारखी तातडीची नसतात. आमच्या दुसऱ्या प्रयत्नातील हिशेब पाहावा. नकाशास १५ दिवस. नकाशा झाल्यावर गवंडीकाम ४० दिवस आणि वीजजोडणी ६० दिवस, ही दोन कामे एकाच वेळी सुरू. दोन्ही झाल्यावर यंत्रे बसविणे १० दिवस, मग चाचणी व नोंदवह्या १५ दिवस. सर्वांत लांब साखळी १५ + ६० + १० + १५ = १०० दिवसांची होते आणि ती विजेच्या मार्गाने जाते. गवंडीकामास २० दिवसांची सवड आहे. गवंड्यास जादा मजुरी देऊन ४० दिवसांचे ३० केले, तरी प्रकल्प एक दिवसही आधी पुरा होणार नाही. उलट वीजजोडणीचा अर्ज आठ दिवस उशिरा गेला, तर सर्व काम आठ दिवस लांबेल. यालाच क्रिटिकल पाथ म्हणतात. पहिल्या वेळी मी जेथे सवड होती तेथे घाई केली, आणि जेथे घाई हवी होती तेथे वाट पाहिली. दाक्ष्य म्हणजे धावपळ करणे नव्हे. योग्य वेळी योग्य ठिकाणी उपस्थित असणे होय. दिल्ली मेट्रोच्या उभारणीत ई. श्रीधरन यांनी उरलेले दिवस दाखविणारी उलटी घड्याळे कामाच्या ठिकाणी लावली होती. आपणही फार्मसीच्या भिंतीवर एक साधा फळा टांगून उरलेले दिवस लिहू शकतो.

(आ) पूर्वसिद्धता. सूत्रस्थानाचा पंधरावा अध्याय, उपकल्पनीय, या दृष्टीने प्रत्येक फार्मसीचालकाने पुन्हा वाचावा. वमन-विरेचनापूर्वी कोणती सामग्री जमवावी याची तेथील यादी वास्तूपासून भांड्यांपर्यंत, दुभत्या गाईपासून गाणाऱ्या व कथा सांगणाऱ्या माणसांपर्यंत जाते. आपत्ती समोर उभी राहिल्यावर बाजार जवळ असला तरी औषधे तत्काळ व यथायोग्य जमविणे सोपे नसते, असे आत्रेयांचे तेथे सांगणे आहे. आधुनिक शास्त्र यास जोखीम व्यवस्थापन म्हणते. कागदावर तीन रकाने आखावेत : काय बिघडू शकते, बिघडल्याचे प्रथम लक्षण कोणते, आणि तसे झाल्यास कोण काय करील. तांत्रिक व्यक्ती अचानक नोकरी सोडून गेली तर? पुरवठादाराने निराळ्या मापाची टाकी पाठविली तर? असे सहा-सात प्रश्न आधी विचारले तर पुष्कळ आपत्ती पूर्वरूपातच ओळखता येतात.

(इ) अर्थभान. अंदाजपत्रकात यंत्रांची किंमत सर्वजण धरतात. वाहतूक, बसविण्याची मजुरी, अनामत रक्कम, शुल्क आणि परवाना येईपर्यंतचे भाडे व वेतन विसरतात. एकूण अंदाजाच्या किमान पाचव्या हिश्शाएवढी रक्कम वेगळी ठेवावी, आणि ती कर्त्याने एकट्याने खर्च करू नये, असा नियम आम्ही पुढे केला. परत केव्हा लागणार आहे ते ठाऊक असलेला पैसा प्रकल्पात घालू नये. मुलांचे शिक्षण, घरातील विवाह, वृद्धांचे उपचार यांसाठी राखलेली रक्कम कोणी आपण होऊन देऊ केली तरी स्वीकारू नये.

(ई) माणसांची जुळणी. उपस्थात्याच्या गुणांत उपचारज्ञता, दाक्ष्य व शौच यांबरोबर अनुराग सांगितला आहे. कामगारास कामाविषयी आपुलकी केव्हा वाटते? त्यास काय करावयाचे ते नेमके सांगितले, वेतन वेळेवर दिले, आणि त्याची सूचना ऐकली तर. आमच्याकडील वयस्कर कामगाराने टाक्या येण्यापूर्वी मला म्हटले होते, “डॉक्टरसाहेब, दार बघून घ्या बरं का.” मी हसून सोडून दिले. चार इंचांचे ते ज्ञान माझ्या पदवीत नव्हते, त्याच्या डोळ्यांत होते. सल्लागाराशी, गवंड्याशी, पुरवठादाराशी झालेला प्रत्येक ठराव कागदावर असावा. त्यात अविश्वास नसतो, स्मृतीला आधार असतो.

(उ) ज्ञापकत्व. ही क्षमता शेवटी सांगितली असली तरी तिच्यावाचून पहिल्या चार निष्फळ होतात. आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, अर्धा तास सर्व भागीदारांनी बसावे. कर्त्याने तीनच गोष्टी सांगाव्यात : काय झाले, काय व्हावयास हवे होते पण झाले नाही, आणि त्यामुळे अंतिम तारीख व खर्च यांत काय फरक पडेल. ऐकणाऱ्यांनी त्या बैठकीत दोष देऊ नये; दोष मिळतो असे दिसले की पुढच्या आठवड्यापासून लपविणे सुरू होते. वाईट बातमी लवकर कळणे हे पूर्वरूपात व्याधी कळण्यासारखे आहे. तेव्हा ती साध्य असते. दोन महिन्यांनी तीच कष्टसाध्य होते, आणि कधी कधी मैत्रीच्या दृष्टीने असाध्य.

नियमांविषयी थोडेसे

काही वैद्यबंधू नियमांस प्रकल्पाचा शत्रू समजतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत शेड्यूल टी २००० साली आले आणि २००३ मध्ये त्यात सुधारणा झाली. स्वतः औषध बनवून केवळ आपल्याच रुग्णांस देणाऱ्या व बाजारात न विकणाऱ्या नोंदणीकृत वैद्यास त्यातून सूट आहे. म्हणून पहिला प्रश्न हा की, मला परवान्याची फार्मसी खरोखर हवी आहे काय? केवळ स्वतःच्या रुग्णांपुरतेच औषध लागत असेल, तर प्रकल्प न काढणे हाही एक योग्य निर्णय आहे. परंतु विक्रीसाठी औषध बनवावयाचे असेल, तर शेड्यूल टी हीच आपली तयार यादी समजावी. जागा, यंत्रे, साठवण, स्वच्छता, कामगारांचे आरोग्य, नोंदी, गुणवत्ता परीक्षण हे सर्व तीत क्रमाने दिले आहे. अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी तपासणीस येतील तेव्हा जे विचारतील, तेच आपण पहिल्या दिवशी स्वतःस विचारले तर तपासणीचे भय उरत नाही. पहिल्या प्रयत्नात मी ही यादी टाक्या विकत घेतल्यानंतर वाचली होती, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

दुसरा प्रयत्न

२०१७ च्या नोव्हेंबरात आम्ही उरलेल्या तिघांनी तेच काम पुन्हा हाती घेतले. या वेळी पहिला महिना एक रुपयाही खर्च न करता दहा प्रश्नांची उत्तरे लिहिण्यात घालविला. व्यवस्थापक म्हणून माझे नाव निघाले तेव्हा मी नकार दिला. मजकडे वेळ नाही आणि अडचण लपविण्याची सवय आहे, हे मी स्वतःस तपासून पाहिले होते. आमच्यातील ज्याची ओ.पी.डी. केवळ सकाळची आहे, त्या मित्राने ते काम घेतले. जागेचा करार दीर्घ मुदतीचा केला. दार आधी मोजले. ते रुंद करून मग जुन्या टाक्या आत नेल्या. कच्च्या मालाची खरेदी परवाना हाती येईपर्यंत करावयाची नाही, असे लिहून ठेवले.

काम निर्विघ्न झाले असे नव्हे. वीजजोडणीस ठरल्यापेक्षा बारा दिवस अधिक लागले. परंतु ते बारा दिवस सर्वांस पहिल्याच आठवड्यात कळले होते, म्हणून कोणाची झोप उडाली नाही. १०० दिवसांचे काम ११२ दिवसांत पुरे होऊन अर्ज दाखल झाला. यथावकाश परवान्यात विभागाची भर पडली आणि पहिले संधान लागले.

बाहेर पडलेल्या मित्राचे दीड लाख आम्ही हप्त्यांनी, त्याने भरलेल्या व्याजासह परत केले. शेवटचा हप्ता घेऊन मी स्वतः गेलो होतो. त्याने चहा दिला, मुलगी आता नोकरीस लागल्याचे सांगितले, दारापर्यंत पोचवावयास आला. पैसे परत गेले. पूर्वीचे बोलणे मात्र परत आले नाही. म्हणून प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात जो खर्च कधीच लिहिला जात नाही, तो सर्वांत मोठा असू शकतो, हे वाचकांच्या ध्यानी आणून देणे मला कर्तव्य वाटते.

उपसंहार

सारांश, प्रकल्प व्यवस्थापन ही परकी विद्या नव्हे आणि ती केवळ मोठ्या उद्योगांची मिरासदारीही नव्हे. गँटचे कोष्टक अवश्य शिकावे, संगणकावरील साधने वापरावीत. ती उत्तम द्रव्ये आहेत. परंतु द्रव्य कितीही गुणवान असले तरी योजणारा भिषक् आणि सांगणारा रोगी असल्यावाचून कार्यसिद्धी होत नाही. आपल्यापैकी जे येत्या वर्षात नवे काम काढणार आहेत, त्यांनी आरंभाच्या आदल्या रात्री एका कागदावर एवढेच लिहावे : हे कार्य तडीस नेण्यास मी समर्थ आहे काय? नसेल, तर कोण आहे? आणि काम बिघडू लागले, तर मी ते प्रथम कोणास व किती दिवसांत सांगेन?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नावानिशी व आकड्यात लिहिता आले, तर खुशाल आरंभ करावा. इत्यलम्.